पायाला रक्त कमी पोचतंय? मग असं चाला: बडोदेकरांसाठी पहिले तीन महिने

चालायला लागलं की ठरावीक अंतरावर पोटरी धरते. गोळा आल्यासारखी कळ येते, पाय जड होतो, पुढे टाकवत नाही. दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की कळ उतरते, आणि पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा पकडते. न्यायमंदिराकडून मांडवीकडे जाताना अशी माणसं मध्ये दोन-तीन दुकानांपाशी थांबतात, मांडलेला माल बघत उभी राहतात आणि पाय मोकळा झाला की निघतात. सोबतच्याला कळतही नाही. मग हळूहळू मांडवीला जाणंच बंद होतं. भाजी मुलगा आणतो, देवळात सून स्कूटरवरून सोडते, आणि "आता वय झालं" म्हणत ते माणूस घरात बसतं.

वयाला कशाला दोष द्यायचा? पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या की असं होतं. बसलेलं असताना पोटरीला लागतं तेवढं रक्त मिळतं, म्हणून काही जाणवत नाही. चालताना स्नायूला कितीतरी जास्त रक्त हवं असतं, ते त्या अरुंद वाटेनं पोचत नाही आणि स्नायू ओरडतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा रुग्णांना चालायला लावणं हे माझं रोजचं काम आहे. येतात तेव्हा बहुतेकांच्या कागदावर "रोज चालणे" एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यानं भागत नाही. या दुखण्यात चालण्याची एक रीत आहे आणि ती आपल्या समजुतीच्या उलटी आहे: कळ येईपर्यंत चालायचं, ती बऱ्यापैकी वाढू द्यायची, मग थांबायचं, ती पूर्ण जाऊ द्यायची आणि पुन्हा चालायचं. दुखायच्या आत थांबत गेलात तर फायदा फार थोडा मिळतो. हे पहिल्यांदा ऐकलं की रुग्णही बिचकतो आणि घरचेही. म्हणून ते नीट, पायरीपायरीनं सांगते.

पहिली पायरी: दुखणं हेच आहे ना, ते पक्कं करा

पाय दुखण्याची कारणं अनेक. कंबरेच्या मणक्यात नस दाबली गेली तरी चालताना पाय भरून येतात, पण त्यात नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. भाजीच्या गाडीला टेकून, वाकून चाललं तर असा माणूस लांबपर्यंत जातो. शुगरमुळे नसा खराब झाल्या असतील तर तळपायाची आग होते, मुंग्या येतात, आणि तो त्रास रात्री अंथरुणात जास्त होतो. फुगलेल्या निळ्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, असतील तर दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजतात, वर उचलून ठेवले की बरं वाटतं. धमनीच्या दुखण्याची खूण वेगळी: चाललं की येतं, जवळजवळ ठरलेल्या अंतरावर येतं, उभं राहिलं की काही मिनिटांत जातं. अडथळा वर, पोटाजवळच्या धमनीत असेल तर पोटरीऐवजी मांडी किंवा कुल्ला दुखतो, आणि लोक वर्षानुवर्षं कंबरेवरच उपचार घेत बसतात.

खात्री करणारी तपासणी सोपी आणि न दुखणारी आहे. दंडाचं बीपी घेतात आणि घोट्याचंही घेतात, छोट्या डॉप्लर यंत्रानं नाडीचा आवाज ऐकत. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागलं की एक गुणोत्तर मिळतं, त्याला एबीआय म्हणतात. समजा दंडात 150 आलं आणि घोट्यात 96, तर एबीआय झाला 0.64. साधारण 1 ते 1.4 म्हणजे ठीक, 0.90 किंवा त्याखाली म्हणजे धमनीत अडथळा आहे. एक अडचण ध्यानात ठेवा: बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या धमन्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला किंवा 1.4 च्याही वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजतात. "माझा एबीआय चांगला आलाय" म्हणून मधुमेही माणसानं निर्धास्त होऊ नये, लक्षणं असतील तर डॉक्टरांना पुन्हा विचारावं.

ही तपासणी होईपर्यंत एक गोष्ट करू नका. औषधाच्या दुकानातून घट्ट मोजे विकत आणून चढवू नका. ते शिरांच्या दुखण्यासाठी असतात. धमनीत आधीच रक्त कमी असलेल्या पायाला ते आवळून आणखी उपाशी ठेवतात. शेजारच्या काकूंना त्यांनी बरं वाटलं असेल, पण काकूंचं दुखणं वेगळं असतं.

दुसरी पायरी: आज चालायचं की दवाखान्यात जायचं

काही पायांना चालण्याआधी सर्जन लागतो. झोपल्यावरही पाऊल दुखतं, रात्री पाय खाटेखाली लोंबकळत सोडला तरच बरं वाटतं, पावलावर किंवा बोटावर जखम आहे आणि ती भरत नाही, बोट काळं पडतंय: यांतलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलात तरी चालेल, पण पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आणि पाय अचानक गार पडला, पांढराफटक झाला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. तिथे हिशोब तासांचा असतो. सकाळ होण्याची वाट बघू नका, शेक देऊ नका, चोळू नका. 108 ला फोन करा.

हृदयाचंही विचारून घ्या. ज्या रोगानं पायाच्या धमन्या अरुंद होतात तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असतो. आतापर्यंत पायामुळे कमी चालत होतात, म्हणून छातीची तक्रार कधी वर आलीच नसेल. जास्त चालायला लागल्यावर ती येऊ शकते. म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी आणि डॉक्टरांची संमती हवीच. छातीत दडपण असेल, अलीकडेच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, थोड्या श्रमानं धाप लागत असेल, तर सुरुवात डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि कोणाच्या तरी देखरेखीखालीच.

कळ सोसून चालण्यानं नेमकं काय होतं

हे समजलं की धीर येतो, म्हणून जरा थांबून सांगते. चालण्यानं अडथळा विरघळत नाही. तीन महिन्यांनी एबीआय मोजला तर तो बहुधा होता तेवढाच असतो, आणि काही रुग्ण तो कागद बघून हिरमुसतात. बदल होतो तो त्या पलीकडे. स्नायू मिळालेल्या रक्तातून ऑक्सिजन जास्त चांगला काढून घ्यायला शिकतात. धमन्यांचं आतलं अस्तर सुधारतं आणि गरज पडली की त्या पूर्वीपेक्षा चांगल्या रुंदावतात. बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. चालण्याची ढब सुधारते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते. रस्ता तेवढाच अरुंद राहतो आणि त्यातून येणारा माल पुरवून वापरण्याची स्नायूंची कला वाढते.

शरीर हे बदल करतं ते ऑक्सिजनचा तुटवडा जाणवतो म्हणून. तुटवडा जाणवूच दिला नाही तर बदल कशासाठी होतील? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हे नीट तपासलं होतं. एका गटाला कळ येईल अशा वेगानं चालायला सांगितलं, दुसऱ्याला कळ येणार नाही इतकं सावकाश, तिसऱ्यानं व्यायाम केलाच नाही. वर्षभरानंतर कळ सोसून चालणाऱ्यांचं अंतर स्पष्ट वाढलं होतं. सावकाश चालणारे मात्र व्यायाम न करणाऱ्यांच्या पुढे गेले नाहीत. वर्षभर नेमानं चालूनही! माझ्या मते या दुखण्याच्या प्रत्येक घरात ही एक गोष्ट माहीत असायला हवी.

चालताना पोटरीत येणारी ही कळ स्नायूला इजा करत नाही. ती तुटवड्याची असते, थांबलं की जाते.

तिसरी पायरी: पाऊल, बूट, जागा, वेळ

आधी पाऊल. मधुमेह असेल तर हे रोजचं काम समजा: संध्याकाळी उजेडात बसून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, किंवा घरच्यांकडून. पांढरे मोजे घाला म्हणजे कुठे खरचटलं तर डाग लगेच दिसतो. मोजे काढल्यावर नडगीवर इलॅस्टिकचा खोल वळ राहत असेल तर ते मोजे टाकून द्या. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, त्यावर औषधी पट्टीही लावायची नाही. रक्त कमी असलेल्या पायाची छोटी जखम महिनोन् महिने भरत नाही, आणि मी पाहिलेल्या कापलेल्या बोटांमागे बऱ्याचदा असंच एखादं क्षुल्लक निमित्त होतं. तळव्याला बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवीही नको. भाजलेलं कळत नाही.

बूट पुढून रुंद, बोटं हलतील असे, दोरीचे. ते संध्याकाळी विकत घ्या, पाय तेव्हा थोडे मोठे झालेले असतात. चपलेवर किंवा सँडलवर हा व्यायाम नको. अनवाणी तर घरातही नको, आणि देवळातही जपून: मे महिन्यात दुपारी फरशी एवढी तापते की बधिर तळव्याला फोड येतो आणि पत्ता घरी आल्यावर लागतो. मोजे घालून प्रदक्षिणा घातली तर देव रागावत नाही.

जागेच्या बाबतीत बडोदेकर नशीबवान आहेत. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये गावाला दिलेला कमाटीबाग या व्यायामासाठी उत्तम आहे: सपाट पक्के रस्ते, वाहनं नाहीत, सावली, आणि बसायला बाकडी. बाकडी किती महत्त्वाची ते पहिल्याच दिवशी कळेल. सूरसागरची फेरीही चांगली, कठड्याशी टेकता येतं, पण ती पहाटेच. संध्याकाळी तिथे वाहनांच्या गर्दीत दर पाच मिनिटांनी थांबणं जमत नाही. अकोटा, गोत्री, मांजलपूरकडे राहणाऱ्यांनी मुद्दाम बागेपर्यंत यायची गरज नाही. सोसायटीच्या आतला रस्ता चालतो, फक्त मध्ये बसायची सोय हवी. नाहीतर एक हलकी प्लास्टिकची खुर्ची वाटेत ठेवून द्या.

मार्च उलटला की पहाटे ऊन चढायच्या आत उरका. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. निघण्याआधी पाणी प्या. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात आणि कळ थोडी आधी येऊ शकते, म्हणून घाबरू नका, पाय उबदार ठेवा. पावसाळ्यात ओल्या बुटानं चालायचं नाही, आणि विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरून गेल्यावर साचलेल्या चिखलात तर पाऊलही घालू नका, आत काय रुतलेलं असतं ते दिसत नाही. तेवढे दिवस फ्लॅटचा पॅसेज, जुन्या वाड्याची ओसरी, मॉलचा मजला, काहीही चालेल. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेत असाल तर रिकाम्या पोटी निघू नका. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज बिस्किटं ठेवा.

चौथी पायरी: पहिला दिवस

सोबत घड्याळ, छोटी वही, पेन. जमल्यास एक माणूस, बोलका असला तरी चालेल, पण "बसा आता" म्हणणारा नको.

सुरुवातीची पाच मिनिटं सावकाश चाला. मग झाडाला किंवा भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला लावून पोटरीला हलका ताण द्या, दोन्ही पायांना अर्धा-अर्धा मिनिट.

आता कळ मोजायची एक पट्टी डोक्यात पक्की करा. 1 म्हणजे काहीच नाही. 2 म्हणजे कळ सुरू झाली. 3 म्हणजे सौम्य, बोलत बोलत चालता येतं. 4 म्हणजे चांगलीच, बोलणं तुटतं, लक्ष पायाकडे जातं. 5 म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. वेग असा धरायचा की 3 ते 5 मिनिटांत कळ सुरू व्हावी. ती आली तरी चालत राहायचं. 4 वर पोचलात की थांबायचं. 5 पर्यंत ओढायचं नाही. तिथे गेलं की पाय मोकळा व्हायला फार वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी निघायची इच्छा उरत नाही.

थांबायचं म्हणजे बाकावर बसायचं किंवा उभं राहायचं, जे सोयीचं असेल ते. घाई करू नका. पोटरी पूर्ण मोकळी होऊ द्या, पट्टीवर परत 1 येऊ द्या. यातच नवशिके फसतात. थोडं बरं वाटलं की उठतात, मग पुढची फेरी मिनिटभरात संपते आणि त्यांना वाटतं आपली तब्येत खालावली.

अशा फेऱ्या करत, आराम धरून, पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. शेवटी पाच मिनिटं सावकाश चालून थांबा. वहीत एक ओळ लिहा. माझ्या एका रुग्णाच्या वहीतली, निवृत्त शिक्षकांच्या वळणदार अक्षरातली, पहिली ओळ अशी होती: "कळ सुरू 3 मि., थांबलो 5 मि., आराम 4 मि., फेऱ्या 4. डावा पाय आधी." शेवटचे तीन शब्द मी सांगितले नव्हते, त्यांनी आपणहून लिहिले, आणि पुढे डॉक्टरांना त्यांचाच फार उपयोग झाला.

याच आठवड्यात आणखी एक मोजमाप करून ठेवा. सपाट जागी 30 मीटरवर खडूनं दोन खुणा करा आणि सहा मिनिटांत या खुणांमध्ये किती ये-जा होते ते मोजा. मध्ये थांबलात तरी चालेल, घड्याळ मात्र थांबवायचं नाही. एकूण मीटर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी हाच आकडा तुम्हाला खरं काय ते सांगेल.

चालताना छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, थांबूनही धाप जाईना, तर तिथेच बसा, मदत मागा. पोटरी सोसायची, छाती सोसायची नाही.

पाचवी पायरी: पुढचे बारा आठवडे

आठवड्यातून किमान तीन दिवस, एक दिवसाआड. जमेल त्यानं पाच दिवस केलं तर उत्तमच. अर्ध्या तासापासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, पाऊण तास ते तासाभरापर्यंत न्या. अमेरिकेत सरकारी विमा 2017 पासून या व्यायामाचे पैसे देतो, तोही 12 आठवड्यांत 36 बैठका असाच. म्हणजे आठवड्याला तीन. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनाही तीन महिन्यांच्याच आहेत. यापेक्षा कमी काळात निकाल मागू नका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फारसा फरक दिसत नाही, आणि सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान वहीतला "थांबलो" चा आकडा सरकायला लागतो. न थांबता 8 ते 10 मिनिटं चाललात आणि तरी कळ 4 वर गेली नाही, तर समजा की आता काम हलकं झालं आणि वेग थोडा वाढवा. बडोदं सपाट आहे, चढ शोधत बसू नका, वेगच वाढवा. जिममध्ये ट्रेडमिल वापरत असाल तर ताशी 3 किलोमीटरच्या आसपास, चढ न देता सुरुवात करा, कठड्याला हलका हात ठेवा, त्याच्यावर भार देऊ नका. पुढे चढ अर्धा-अर्धा टक्का वाढवत न्या.

निकाल किती अपेक्षावा? अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी की जास्तीत जास्त चालता येणारं अंतर शंभरेक मीटरनं वाढतं. काहींचं दुप्पट होतं, काहींचं थोडंच. आकडा छोटा वाटेल. पण घरातून निघून कोपऱ्यावरचं देऊळ न थांबता गाठता येणं आणि न येणं यांतला फरक बऱ्याचदा एवढाच असतो.

देखरेखीखाली केलेला व्यायाम एकट्यानं केलेल्यापेक्षा जास्त लाभतो, यात शंका नाही. कारण साधं आहे: कोणी बघत असलं की माणूस 4 पर्यंत जातो, एकटा असला की 2 ला बसतो. म्हणून पहिले काही दिवस तरी फिजिओथेरपिस्टकडे करा. ते शक्य नसेल तर वही दर आठवड्याला कोणालातरी दाखवायचं ठरवा. लांब राहणाऱ्या मुलीला फोनवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी चालतो. विचारणारं कोणी असलं की नेम टिकतो, हे मी वारंवार पाहिलंय.

घरच्यांना एक विनंती

प्रेमानं बसवू नका. "बाबा, पाय दुखतोय ना, मग कशाला चालता, मी सोडतो" हे वाक्य मायेचं आहे, पण त्यानं बाबांचं चालणं महिन्यामहिन्यानं आटतं. त्यांच्याबरोबर जा, त्यांच्या वेगानं चाला, ते थांबले की थांबा, घाई करू नका आणि कळवळूही नका. "आता किती, तीन की चार?" एवढंच विचारा. आपल्याकडच्या आया-आज्यांचा तर वेगळाच प्रश्न: त्या दुखणं सांगतच नाहीत, घरातल्या घरात वावरतात, त्यामुळे कळ येण्याइतकं चालणंच होत नाही आणि रोग थेट जखमेलाच उघडा पडतो. आई अलीकडे खंडेराव मार्केटात यायला टाळते का, पूर्वी पायी जायची तिथे रिक्षा मागते का, याकडे लक्ष ठेवा.

नवरात्रात हमखास विचारतात, "गरबा चालेल का?" चालेल, पायात बूट घालून, कडेकडेनं, आणि कळ चारवर आली की बाहेर येऊन बसायची तयारी असेल तर. अनवाणी मैदानात उतरायचं नाही. आणि गरब्याचे नऊ दिवस चालण्याच्या जागी धरायचे नाहीत.

चालणं जमतच नसेल तर

गुडघे घासलेले असतात, कोणाचा एक पाय आधीच गेलेला असतो, कोणाला तोल सांभाळत नाही. त्यांनी निराश होऊ नये. हातांनी पेडल फिरवायचं यंत्र असतं. त्यावर नेमानं व्यायाम केलेल्यांचंही चालण्याचं अंतर वाढल्याचं अभ्यासांत दिसलंय. पायाला थेट काम न देता! हृदय आणि रक्तवाहिन्या सगळ्या शरीराच्या एकच असतात, हे त्यामागचं कारण. सायकलही चालते, पण तिच्यात मांडीला काम जास्त आणि पोटरीला कमी मिळतं.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ओट्याला धरून टाचा उचलणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहा वेळा, करावं. प्रोफेसर माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे गाव, त्यामुळे माझ्याकडे असेही आजोबा येतात ज्यांनी तरुणपणी शेकड्यांनी बैठका मारल्यात आणि ज्यांना बागेत थांबत थांबत चालणं हा व्यायामच वाटत नाही. त्यांना मी आदरानं सांगते: बैठकांनी मांडी घडते, पण ही कळ पोटरीची आहे आणि तिला चालणंच हवं.

तंबाखू आणि गोळ्या

बिडी-सिगारेट सुरू ठेवून हा व्यायाम करणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. या रोगाचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण तेच आहे. "मी ओढत नाही, फक्त मावा खातो" हेही चालणार नाही. निकोटिन तोंडातून गेलं तरी धमन्या आकसतातच. चाळिशीच्या आतल्या तरुणाचे पाय असे दुखत असतील आणि तो ओढत असेल, तर त्याला बर्गर्स नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा उपचार आहे, एखाद-दुसरी बिडीसुद्धा बोट घालवू शकते. एकट्यानं सुटत नसेल तर डॉक्टरांकडे मदत मागा, त्यासाठी औषधं आहेत.

रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी आणि शुगरची औषधं चालू ठेवायची. चालणं त्यांच्या जागी येत नाही. त्या गोळ्या मुख्यतः हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसपासून वाचवण्यासाठी असतात, म्हणून "पायाला फरक नाही" म्हणून बंद करू नका. चालण्याचं अंतर वाढवणारी सिलोस्टॅझोल नावाची गोळी आहे, पण हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती चालत नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून आणून खाऊ नका.

मग स्टेंट कशाला?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. पोटाजवळच्या धमनीत अडथळा असलेल्यांवर अमेरिकेत एक तुलना झाली: काहींना स्टेंट, काहींना देखरेखीखाली व्यायाम. सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर व्यायामवाले जास्त वेळ चालले. रोजच्या आयुष्यात किती बरं वाटतं असं विचारलं तेव्हा मात्र स्टेंटवाल्यांनी जास्त समाधान सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून फक्त चालताना दुखत असेल, जखम नसेल, तर आधी तीन महिने मनापासून चाला आणि मग सर्जनशी बोला. आणि स्टेंट किंवा बायपास झालाच, तरी परवानगी मिळाली की चालायला पुन्हा लागायचंच आहे. रोग बाकीच्या धमन्यांतही असतो.

तीन महिने झाल्यावर

30 मीटरच्या खुणांवर पुन्हा सहा मिनिटं चाला, जुना आकडा शेजारी लिहा, आणि वही डॉक्टरांकडे घेऊन जा. अंतर वाढलं असेल तर आठवड्यातले तीन दिवस कायमचे ठरवून टाका, कारण सोडलं की काही आठवड्यांत कमावलेलं ओसरायला लागतं. लग्नसराईत, आजारपणात किंवा गावाला गेल्यामुळे खंड पडला तर पूर्वीच्या वेगावर एकदम जाऊ नका, अर्ध्या तासापासून सुरू करा. दुसऱ्यांदा अंतर बहुतेकांचं लवकर परत येतं. आणि नेमानं चालूनही अंतर घटत असेल, किंवा पूर्वी न दुखणारा पाय दुखायला लागला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.